'आपली' जिंकते तोवर

सोमवार

एक मुलगी चेंडू जाळ्यात मारते आणि स्टेडियमभर माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी "अरेरे" करतात, हे आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिकीट माझ्या गळ्यात पडलं ते नणंदेच्या मैत्रिणीनं ऐन वेळी अंग काढून घेतलं म्हणून. मी ते फुकट घालवायला तयार होते. पण ह्यांचा चेहरा एवढासा झाला, मग गेले.

हे म्हणजे माझे पतिराज. वय एकसष्ट. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नकाशे काढले, कुणावर कधी आवाज चढवला नाही, सुटणाऱ्या बसमागे कधी धावले नाहीत. आज गालांवर रंगाचे पट्टे ओढून बसले होते. शेजारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे तिच्यापासून सुटका नाही. तिच्या पलीकडे समोरच्या फ्लॅटमधले सेक्रेटरी. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हाही काही करत नव्हते, आता पद गेलं तरी तेच करतात. आणि टोकाला चष्मेवाला, कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. हा चौघांचा कंपू.

चार वर्षं हे लोक त्या मुलीच्या मागे आहेत. ती ह्याच शहरात वाढली, म्हणून तिचं नाव घ्यायचं नाही, 'आपली' म्हणायचं. आपलीचा खांदा कसा आहे, आपलीला झोप लागली असेल का. ती ह्यांना ओळखत नाही. समोर उभे राहिले तर कागदावर सही करून पुढे जाईल. पण आपली!

समोरच्या खेळाडूची सर्व्हिस चुकली की हे टाळ्या पिटतात. आमच्या लॅबमध्ये दुसऱ्याच्या हातून कवळी पडली आणि कुणी टाळी वाजवली, तर मी त्याला दारातून बाहेर काढीन. इथे त्याला देशप्रेम म्हणतात.

आपली जिंकली. निघताना गॅलरीच्या जिन्यात हे मध्येच थांबले आणि कठडा धरला. "बूट घट्ट झालेत," म्हणाले. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. पेशंटच्या उरलेल्या दातांशी नव्या दाताचा रंग जुळवायचा हे माझं काम, त्यामुळे माणसाचा रंग उतरलेला मला लगेच दिसतो. उद्या डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर म्हणाले, "चांभाराकडे ने." ह्या विनोदावर कंपू खो खो हसला.

मंगळवार

हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या. ह्यांनी मान वाकडी करकरून बघितलं, पाइपलाइन बघावी तसं, आणि म्हणाले, "हा वळसा चांगला काढलाय."

डॉक्टर म्हणाले, "बायपास करावी लागेल. लांबवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी करून टाकू."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "शुक्रवारी तिची तिसरी फेरी आहे."

"कुणाची?"

"आपलीची."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अजून दुसरी फेरी व्हायची आहे! डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, शेवटी आवाजही चढवला. हे खाली मान घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ती स्पर्धेत आहे तोवर नाही. हरली की दुसऱ्या दिवशी भरती होतो. शब्द देतो." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक वेगळी दिली. स्टेडियम बंद, जिने बंद, उत्तेजना बंद. आणि जे होईल ते तुमच्या जबाबदारीवर, असं माझ्याकडे बघून सांगितलं. जसं काही टेनिस मी खेळते.

म्हणजे आता ह्यांचं काळीज त्या पोरीच्या रॅकेटवर टांगलंय. ती जितकी जिंकेल तितकं ऑपरेशन पुढे. असला मूर्खपणा कुणी कथेत लिहिला असता तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

घरी येऊन बूट काढता काढता ह्यांनी विचारलं, "छाती उघडतात म्हणजे पूर्ण उघडतात का गं?"

"डॉक्टरांना विचारायचं होतं ना," म्हटलं. "तिथे तर फेऱ्यांचा हिशेब सांगत बसलात."

ह्यांनी बूट नीट जोडीनं ठेवून दिले.

बुधवार

स्टेडियम बंद म्हणून अख्खा कंपू आमच्या दिवाणखान्यात. दुसरी फेरी. हे सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, नणंद जमिनीवर कपाटाला टेकून, सेक्रेटरी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर स्वार. चष्मेवाला दुकानातून उशिरा आला आणि दारातच उभा राहिला. तो आला आणि आपलीनं लागोपाठ तीन गेम घेतले. झालं. आता त्यानं बसायचं नाही. तोही शहाणा उभा राहिला, दोन तास, चौकटीला धरून. माणसांच्या नजरा तपासून पोट भरणारा हा माणूस.

मी चहा घेऊन आत गेले आणि नेमकी आपलीची सर्व्हिस गेली. सेक्रेटरींनी कप घेतला, घोट घेतला आणि मग म्हणाले, "वहिनी, रागावू नका हं, पण तुम्ही जरा आतच थांबता का?"

नणंदेनं लगेच री ओढली. "खरंच हं वहिनी. सोमवारी तू टॉयलेटला गेलीस तेव्हाच ती सावरली. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही."

माझ्या घरात, माझ्याच हातचा चहा पिऊन, मी पनवती ठरले. स्वयंपाकघरात येऊन मी कांदे चिरले. कांदे हवे होते म्हणून नव्हे. बाहेर आरडाओरडा झाला, म्हणजे जिंकली असणार.

शुक्रवार

आज ऑपरेशनचा दिवस होता. ह्या वेळेपर्यंत सगळं आटोपलं असतं.

लॅबमध्ये दिवसभर एकच विचार. संध्याकाळी घरी आले तर चौघं आपापल्या जागी. चष्मेवाल्यानं उभं राहायला म्हणून पायात घट्ट मोजे घालून आणले होते, ते कौतुकानं दाखवत होता. मी पिशवी ठेवली, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, आणि सरळ ह्यांच्या कोपऱ्याला लावून त्यावर बसले.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, आत गॅसवर काही नाही का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही."

मी नशीब-बिशीब मानत नाही, हे इथे लिहून ठेवते. माझ्या बसण्यानं कुणाचा चेंडू बाहेर जात नाही. पण माझं बसणं ह्या चौघांना डाचतं, तर बसायला माझ्या तीर्थरूपांचं काय जातं. आणि समजा, नुसतं समजा, की ती हरली, तर उद्या सकाळी आम्ही हॉस्पिटलात.

पहिला सेट आपली ६-१ ने हरली. मी आयुष्यात एवढ्या शांतपणे कधी बसले नसेन. नणंदेनं हात जोडले. सेक्रेटरी म्हणाले, ही सरळसरळ घरभेदी आहे, म्हणजे तसं म्हणाले नाहीत, पण बघितलं तसं. मनातल्या मनात मी उद्याची बॅगसुद्धा भरली.

तेव्हा हे म्हणाले, "बसू दे तिला."

"अरे दादा, पण..."

"बसू दे म्हटलं ना."

आणि त्या मेलीनं पुढचे दोन्ही सेट घेतले! मग हे माझ्याकडे वळून सगळ्यांना म्हणाले, "बघितलंत? पनवती नाही, उलट आहे. हिनं आता इथून हलायचं नाही. प्रत्येक मॅचला इथंच, स्टुलावर, माझ्या शेजारी."

कंपूनं टाळ्या वाजवल्या. मी हरवायला बसले होते आणि मला मूर्ती करून ठेवलं. कपाळावर हात मारायचीसुद्धा सोय राहिली नाही, कारण सेक्रेटरींचं म्हणणं, जिंकताना हात मांडीवर होते, तर आता तिथेच ठेवा.

रविवार

चौथी फेरी. बाजारात जाते म्हटलं, तर नणंदेनं कधीच भाजी आणून ठेवली होती. डोकं दुखतंय म्हटलं, तर चष्मेवाल्यानं नंबर तपासायची तयारी दाखवली. शेवटी ह्यांनी स्टूल हातानं जवळ ओढलं आणि त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती. बसले.

आपली जिंकली. चष्मेवाल्याच्या पोटऱ्या सुजल्या. ह्यांनी झिणझिण्या आल्यासारखा डावा हात दोनदा झटकला. विचारलं तर म्हणाले, मुंगी.

सोमवार

लॅबमधून डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, स्पर्धा शनिवारी संपते, पण त्याआधी ती हरलीच, तर लगेच जागा मिळेल ना? उद्याच उपांत्यपूर्व फेरी आहे, हरू शकते.

डॉक्टर म्हणाले, "हरेल कशी हो! तिचा बॅकहँड बघितलात का काल?"

हा माणूस माझ्या नवऱ्याची छाती उघडणार. मी फोन ठेवला. समोर एका वकिलाची कवळी होती, तिचे वरचे दोन दात मी आज इतके सरळ लावले की तो माणूस आता खोटं बोलतानाही प्रामाणिक दिसेल. काम असलं की बरं असतं.

मंगळवार

जिंकली. उपांत्य फेरीत गेली. रस्त्यात पोरांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. पेपरवाला म्हणतो, शहराची शान. दुधाची पिशवी दुप्पट वेळानं आली, कारण दुकानदार मॅचची चर्चा करत होता. एका शहरानं मिळून एवढं बावळट व्हायचं म्हणजे कमाल आहे.

मला तर पडद्याकडे बघावंही लागत नाही. ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वर झाला की आपलीची सर्व्हिस. अंगठा खाली टेकला की गुण गेला. श्वास रोखला की लांबलेली देवाणघेवाण चालू आहे, आणि सोडताना नाकातून बारीक शीळ आली की बिनधास्त समजावं, आपण घेतला. म्हणजे त्यांनी घेतला. शीळ पूर्वी नव्हती. ती जिन्यातल्या त्या सोमवारपासूनची आहे.

दुसऱ्या सेटमध्ये बराच वेळ अंगठा खालीच राहिला. मी मनात म्हटलं, हरतेय वाटतं, उद्या भरती. तेव्हा ह्यांनी कुजबुजत विचारलं, "हरली तर लगेच उद्याच जावं लागेल का गं?"

"शब्द दिलाय तुम्ही."

"हो हो. दिलाय."

बघा! माणूस मरणाच्या दारात उभा, आणि ह्याला काळजी कसली, तर पुढच्या मॅचेस बघायला मिळणार नाहीत ह्याची. मी पुन्हा त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष लावलं.

गुरुवार

उपांत्य फेरी. सकाळपासून हे जेवले नाहीत. नणंदेनं आपलीच्या फोटोचे बनियन करून आणलेत. चौघांनी चढवले. मला दिला तो मी ओट्यावर फडकं म्हणून ठेवला, तर नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वहिनी, तुला कशाचं काही वाटतच नाही," म्हणाली. "दादा इतका जीव टाकतो आणि तू दगडासारखी बसतेस."

"तुम्हीच मला बसवलंत," म्हटलं.

"दादानं बसवलं. आम्ही तर म्हणत होतो, गरज नाही, चष्मेवाल्याचं उभं राहणं पुरेसं आहे. तोच ऐकेना. म्हणाला, ती शेजारी नसेल तर मी मॅचच लावणार नाही."

अंधश्रद्धेची ही परिसीमा. पाणीपुरवठ्यात होते तेव्हा हाच माणूस नळाला पाणी येण्याचं गणित मांडून दाखवायचा.

तिसऱ्या सेटमध्ये ह्यांनी माझं मनगट धरलं. नुसतं ठेवला हात असं नाही, चांगलं घट्ट. नशीब निसटू नये म्हणून असणार. घामानं गार पडलेला हात. मी सोडवून घेणार होते, पण सेक्रेटरी ओरडले, "हलू नका, मॅच पॉइंट!" म्हणून राहू दिला. मॅच संपली, चौघं नाचले, म्हणजे तिघं नाचले आणि हे बसून होते, तरी हात तिथेच होता. माझ्या मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते.

आपली अंतिम फेरीत. सोमवारी भरती, असं आता ठरलंच आहे. जिंको वा हरो, सोमवारच्या पुढे जायला स्पर्धाच उरत नाही. हे मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "हो ना. संपलंच आता."

शुक्रवार

काही नाही. बॅग भरली. दोन पायजमे, टॉवेल, दाढीचं सामान. ह्यांनी ती कपाटाच्या मागे सरकवली. मी पुन्हा पुढे आणली. पुन्हा मागे गेली. एवढ्या मोठ्या माणसाशी काय लपाछपी खेळायची, म्हणून मी ती दारापाशीच ठेवून दिली.

रविवार, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात

सकाळी सहापासून आत नेलंय. दिव्याखाली बाकावर बसून लिहितेय, कारण नुसतं बसलं तर वेड लागेल. नणंद समोर बसून मुसमुसते आहे. तिच्याशी मी बोलत नाही.

काल अंतिम सामना. चौघं जागेवर, मी स्टुलावर, हात मांडीवर. पहिला सेट आपली हरली, दुसरा तिनं घेतला. तिसऱ्यात अंगठा वर, शीळ, अंगठा वर, शीळ, असं छान चाललं होतं. घरात इतकी शांतता की चष्मेवाल्याच्या गुडघ्याचा कटकट आवाज ऐकू यावा. मग शीळ आली नाही. अंगठा वरच राहिला, आणि श्वास सोडल्याचं काही दिसेना. मी वर बघितलं. ओठांचा रंग गेला होता. आमच्याकडे रंगांचे नमुने असतात, ओळीनं लावलेले, त्यात असला रंग नाही, कारण जिवंत माणसाच्या तोंडात तो नसतो. कपाळावर घाम, डावा हात बनियनवर, आपलीच्या फोटोवर मुठीनं आवळलेला. आणि डोळे पडद्यावर.

मी उठले.

"वहिनी!" असं तिघं एकदम ओरडले. माझ्या आयुष्यात माझ्या नावानं इतका मोठा गलका कधी झाला नव्हता. नणंदेनं माझा हात पकडला. "फक्त हा गेम होऊ दे, वहिनी, फक्त हा गेम!" तिनं भावाकडे बघितलंच नव्हतं. भाऊ तिच्यापासून हातभर अंतरावर मरत होता आणि ती पडद्याकडे बघत माझा हात ओढत होती. आणि हे, हे सुद्धा, आवाज नसलेल्या आवाजात म्हणाले, "बस ना."

मी हात झटकला. जिभेखालची गोळी दिली. फोन केला तर अँब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले. चष्मेवाल्याची गाडी खाली होती. "चला," म्हटलं, तर तो दारात तसाच उभा, एक पाय आत एक बाहेर, मान पडद्याकडे. त्याला दोन्ही हातांनी ढकलावं लागलं. ढकलल्यावर मात्र शुद्धीवर आला. सेक्रेटरींनी आणि त्यानं ह्यांना सोफ्यावरून खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली नेलं. तेवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. चार चौक, सगळे रिकामे. अख्खं शहर टीव्हीपुढे तोंड वासून बसलं होतं, म्हणून आम्ही इतक्या लवकर पोचलो. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एका घरातून "अरेरे" ऐकू आलं, मग दुसऱ्या, मग सगळ्या रस्त्याभर. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काही नाही. कुणाचं तरी दूध उतू गेलं असेल."

रिसेप्शनवरच्या बाईचा एक डोळा भिंतीवरच्या टीव्हीवर. मी तिच्या आणि टीव्हीच्या मध्ये उभी राहिले. मग सगळं पटापट झालं. डॉक्टर आले, ते थेट घरून, गालावर पुसट रंगाचे पट्टे. म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर. वाक्य पुरं केलं नाही.

मला ह्या माणसांची किळस आली आहे. ती मुलगी बिचारी खेळून, हरून, आंघोळ करून, झोपून उठलीही असेल. ह्यांना आपलं म्हणायला घरातलं माणूस पुरलं नाही. आणि हे! ह्यांच्यावरच सगळ्यात जास्त राग आहे. आतून बाहेर येऊ देत, मग सांगते. मी काय काय सांगणार आहे ते इथे लिहून ठेवणार होते, पण दर ओळीला नजर दाराकडे जाते, अक्षर लागत नाही.

कुणीतरी दार उघडलं. दुसऱ्याच पेशंटसाठी होतं.

शुक्रवार

ह्यांना काल साध्या खोलीत हलवलं. छातीवर उभी पट्टी, खोकताना छातीशी उशी धरायची. दाढी वाढली आहे. रंग ठीक आहे. अजून थोडा फिका, पण माणसाचा आहे.

आज कंपू आला. फळं आणली, उभे राहिले, चष्मेवाल्याला मी खुर्ची दिली तर तो इतका खूश झाला की विचारायची सोय नाही. नणंद भावाचे पाय दाबत बसली. तिनं माझी माफी मागितली, रडून. मी बरं म्हटलं. सगळं नीट चाललं होतं. मग सेक्रेटरींनी घसा साफ केला.

"वहिनी, एक गोष्ट बोलू का? रागावू नका. तुम्ही उठलात तेव्हा ती चार-दोननं पुढे होती."

नणंद खाली बघायला लागली, पण तिनं मानेनं हो म्हटलेलं मी बघितलं.

"मी फक्त नोंद म्हणून सांगतोय," सेक्रेटरी म्हणाले. "त्यानंतर एकही गेम नाही मिळाला तिला."

मी दार उघडलं आणि म्हटलं, "भेटीची वेळ संपली." संपली नव्हती. तिघं गेले. फळांची पिशवीसुद्धा मी त्यांच्या हातात परत देणार होते, पण ह्यांना सफरचंद आवडतं.

हे छताकडे बघत होते. मग म्हणाले, "चार-दोन?"

"म्हणे."

"मला पहिल्या सेटपासून दुखत होतं."

मी सफरचंद कापत होते. सुरी खाली ठेवली. "पहिल्या सेटपासून? आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस."

बघा ह्याची अक्कल! जीव गेला असता तरी चालला असता, पण स्टुलावरचं नशीब हलायला नको. मी सुनावलं. रविवारी ठरवलेलं सगळं सुनावलं, नर्स डोकावून गेली इतक्या आवाजात. हे ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "अगं, मॅचचं नाही गं," पण मी बोलतच होते. थकले तेव्हा थांबले. माझे डोळे भरून आले होते, रागानं. पदरानं पुसले.

मग ह्यांना एकदम काहीतरी सुचलं. माझ्याकडे वळले. वळताना दुखलं, उशी धरली.

"पण तू उठलीस कशी? त्या वेळी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. चार-दोन होता स्कोअर. तुला कसं कळलं?"

"मला काय माहीत चार-दोन होता का काय. मी बघत नव्हते ती मॅच."

"फायनल बघितली नाहीस?"

"नाही."

"आणि सेमी? त्या आधीची?"

"एकही नाही."

ह्यांचा चेहरा खरोखरच पडला. एवढे दिवस शेजारी बसून आम्ही दोघं मिळून काहीतरी बघतोय, अशी ह्यांची समजूत होती वाटतं.

"अगं, मग इतके दिवस तिथे बसून बघत काय होतीस?"

असा माझा हुशार नवरा. सफरचंदाची फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "भिंत."